तिसरा कोर्स घ्यायचा, की डिंक-पावडरीवर भागवायचं?

पत्र थोडक्यात असं : लिहिणाऱ्या ताई सोलापूरच्या, वय 43. घरीच कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकतात, हाताखाली दोघीजणी आहेत. दोन वर्षांपूर्वी उपाशीपोटी दुखणं आणि जळजळ वाढली म्हणून एंडोस्कोपी झाली. लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर आणि सोबत एच. पायलोरी हा जंतू सापडला. पहिला 14 दिवसांचा, अँटिबायोटिकच्या तयार किटचा कोर्स त्यांनी पूर्ण केला. दीड महिन्याने मलाची तपासणी केली तर जंतू तसाच. दुसरा कोर्स लेवोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा होता. मळमळ सहन होईना म्हणून तो सातव्या दिवशी सोडला. मध्यंतरी बरं होतं. पुन्हा जळजळ सुरू झाल्यावर त्यांनी स्वतःच लॅबमध्ये जाऊन रक्त तपासलं, रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला. आता डॉक्टर बिस्मथसकट चार औषधांचा 14 दिवसांचा कोर्स सांगत आहेत. ताई लिहितात, “माझ्या शरीराला अँटिबायोटिकची सवय झाली आहे, आता ती लागूच पडत नाहीत.” जावेने रुमी मस्तकी या डिंकाच्या कॅप्सूलचं किट ऑनलाइन मागवायला सांगितलं आहे. कोणी ज्येष्ठमध सांगतं, कोणी कलौंजी, कोणी लसूण आणि मध. सासूबाई म्हणतात, चटणी बंद कर. मनगट दुखतं तेव्हा ताई पेनकिलर घेतात, रक्त कमी आहे म्हणून लोहाची गोळी चालू आहे. त्यांचे प्रश्न तीन : कोर्स टाळून यातलं काय घेऊ? घ्यावाच लागला तर संक्रांतीच्या ऑर्डरी उरकल्यावर चालेल का? आणि माझ्यामुळे मुलांना लागण होईल का?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी वाटलं, तुम्ही औषध विचारताय. दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की औषधाच्या आधीचा एक प्रश्न सुटूनच गेला आहे : तो जंतू आज तुमच्या पोटात आहे का?

तुम्ही म्हणाल, रिपोर्ट आहे ना हातात. पण तो रक्ताचा आहे. रक्ताच्या तपासणीत जंतू दिसत नाही. शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडी दिसतात आणि जंतू गेल्यावरही त्या कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. त्यामुळे कोर्सनंतर ‘गेला की नाही’ हे ठरवायला ती तपासणी उपयोगाची नाही. तुमची पहिली तपासणी मलाची होती, दीड महिन्याने केलेली होती, ती ग्राह्य. म्हणजे पहिला कोर्स फसला हे खरं. दुसरा फसला असण्याची शक्यता बरीच आहे, कारण तो अर्धाच झाला. पण शक्यता आणि खात्री यांत फरक आहे, आणि 14 दिवसांची चार औषधं पोटात घालण्याआधी खात्री करून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे.

तपासण्या दोन आहेत. एक श्वासाची, यूरिया ब्रेथ टेस्ट. दुसरी मलातल्या अँटिजेनची, म्हणजे जंतूच्या अंशाची. दोन्ही चांगल्या. श्वासाची तुमच्याकडे मिळाली नाही तर मलाची करा, पण लॅबमध्ये ‘अँटिजेन’ असं स्पष्ट सांगा. अँटिबायोटिक किंवा बिस्मथ थांबवून किमान 4 आठवडे झालेले हवेत आणि पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी 2 आठवडे बंद हवी. ती चालू असेल तर जंतूंची संख्या तात्पुरती घटते आणि असलेला जंतू ‘नाही’ म्हणून येतो. तुम्हाला अल्सर होऊन गेलाय, म्हणून ही गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना तारीख सांगून करा. मधल्या दिवसांत जळजळ झाली तर अँटासिडचं पातळ औषध चालतं का, तेही त्यांनाच विचारा.

आता त्या पेनकिलरबद्दल. पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंय, मी मात्र तिथेच अडखळले. माझं बरंच आयुष्य औषधाच्या काउंटरमागे गेलं. पोटाची गोळी आणि अंगदुखीची गोळी एकाच चिठ्ठीवर, एकाच पिशवीत जाताना मी किती वेळा पाहिलंय, सांगता येणार नाही. पोटातल्या अल्सरची दोन मोठी कारणं आहेत. एक हा जंतू, दुसरं डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांसारख्या गोळ्या. दोन्ही एकत्र आली की धोका आणखी वाढतो. परत सुरू झालेली तुमची जळजळ जंतूची आहे की मनगटासाठी घेतलेल्या गोळीची, हे आज कोणीच सांगू शकत नाही. ती गोळी आधी थांबवा. मनगटासाठी पॅरासिटामॉल, शेक, पट्टा, आणि काही दिवस भाकरी थापायचं काम हाताखालच्या बाईंकडे. काय चालेल ते डॉक्टरांना विचारा, पण त्या गोळीचं नाव त्यांना सांगितल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.

सासूबाईंना सांगा, चटणीने अल्सर होत नाही. तिखट, काळजी आणि जागरण यांनी अल्सर होतो असं डॉक्टरसुद्धा बराच काळ मानत होते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी जठरातला हा जंतू दाखवून दिला, तरी लोकांना पटेना. शेवटी 1984 मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचं मिश्रण स्वतः पिऊन दाखवलं आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तेव्हा चटणी झोंबत असेल त्या दिवसांत कमी खा, पण तुमच्या आजाराचं खापर चटणीवर फोडू नका.

आता तुमचं मुख्य वाक्य : ‘शरीराला सवय झाली.’ सवय शरीराला होत नाही, जंतूला होते. आणि ती सगळ्या औषधांची एकदम होत नाही. पहिल्या किटमध्ये बहुतेक क्लॅरिथ्रोमायसिन असणार, त्याला तुमचा जंतू दाद देत नसावा. लेवोफ्लॉक्सासिन अर्धवट झालंय, म्हणून ते पुन्हा वापरण्यात अर्थ नाही. पण अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि टेट्रासायक्लिन या दोन औषधांना हा जंतू सहसा दाद देतो, दोनदा अपयश आल्यावरही. भारतात मेट्रोनिडाझोलला न जुमानणारे जंतू पुष्कळ आहेत, तरी ते पुरेशा मात्रेत, बिस्मथच्या जोडीला, पूर्ण 14 दिवस दिलं की त्याचा उपयोग होताना दिसतो. बिस्मथला प्रतिकार जवळपास होतच नाही. डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलेल्या कोर्समध्ये बहुधा बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि आम्ल कमी करणारी गोळी असणार, त्यामुळे तो ‘पुन्हा तेच’ नाही. तो वेगळा आहे आणि विचारपूर्वक निवडलेला आहे.

ही सवय जंतूला लागते कुठे? आधी घेतलेल्या औषधांतून. जुलाब झाले की मेडिकलमधून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या चार गोळ्या, घसा धरला की अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीन. ऑफ्लॉक्सासिन हे लेवोफ्लॉक्सासिनचंच भावंड, ऑर्निडाझोल मेट्रोनिडाझोलचं, अ‍ॅझिथ्रोमायसिन क्लॅरिथ्रोमायसिनचं. या गोळ्या घेतल्या तेव्हा जठरातला जंतूही त्या चाखत होता. गेल्या काही वर्षांत कशाकशासाठी कोणत्या गोळ्या घेतल्या, आठवतील तेवढ्या कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांना द्या. महागड्या तपासणीइतकाच तो उपयोगी पडतो. 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या औषधांची तातडीने गरज असलेल्या जंतूंची यादी काढली. क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारा एच. पायलोरी त्या यादीत होता. म्हणजे ही अडचण तुमच्या एकटीची नाही.

आता जावेचं किट. रागावू नका तिच्यावर, काळजीने सांगतेय ती. रुमी मस्तकी हा ग्रीसकडच्या एका झाडाचा डिंक, आपल्याकडे युनानी औषधांत जुना. काचेच्या बशीत तो या जंतूला मारतो, हे खरं आहे. पण बशीतला जंतू उघड्यावर असतो. पोटातला जंतू जठराच्या चिकट आवरणाखाली दडून बसतो आणि स्वतःभोवती अमोनिया तयार करून आम्लापासून बचाव करतो. तिथे औषध पोचवणं हीच खरी मारामारी. मस्तकीच्या माणसांवरच्या चाचण्या लहान आहेत आणि निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. त्या किटवर दर महिन्याला पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्रोकोलीच्या कोंबांचं उदाहरण मला नेहमी बोलकं वाटतं. जपानमध्ये बाधित लोकांना रोज 70 ग्रॅम कोंब 8 आठवडे दिले. जंतूंचा भार घटला, जठराची सूजही कमी झाली. खाणं थांबवल्यावर दोन महिन्यांत आकडे मूळ जागी आले. शेतातल्या हरळीसारखं हे, वरून खुरपली तरी काशा राहिल्या की पुन्हा हिरवीगार. ‘जंतू कमी करतं’ आणि ‘जंतू घालवतं’ यांतला फरक जाहिरातीत कोणी सांगत नाही.

ज्येष्ठमधाची बाजू त्यामानाने बरी आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत ज्येष्ठमधाचा खास तयार केलेला अर्क 60 दिवस दिल्यावर निम्म्याहून थोड्या जास्त लोकांचा मलाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. ऐकायला छान वाटतं. पण चाचणी एकच, लोक शंभरच्या आसपास आणि अर्क विशिष्ट, ज्यातलं ग्लायसिरायझिन, म्हणजे ज्येष्ठमधाला गोडी देणारा घटक, बहुतांश काढून टाकलेलं. काष्ठौषधीच्या दुकानातल्या ज्येष्ठमधाच्या पुडीत हे ग्लायसिरायझिन भरपूर असतं. रोज बऱ्याच प्रमाणात घेतलं तर रक्तदाब वाढतो, शरीरातलं पोटॅशियम घटतं. घशासाठी कधीतरी काडी चघळणं वेगळं. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी महिनोन्‌महिने चूर्ण घेऊ नये.

कलौंजीची एक चाचणी सौदी अरेबियात झाली, 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. ओमेप्राझोलच्या जोडीला रोज 2 ग्रॅम कलौंजी दिली तेव्हा सुमारे दोनतृतीयांश लोकांचा जंतू गेला. नेहमीच्या तीन औषधांनी मात्र पाचांतल्या चौघांहून थोड्या जास्त लोकांचा गेला. त्याच चाचणीत मात्रा 3 ग्रॅम केल्यावर परिणाम घटला! म्हणजे ‘नैसर्गिक आहे, जरा जास्तच घेऊ’ हा हिशेबही खरा नाही. शिवाय त्या लोकांना अल्सर नव्हता, तुम्हाला होऊन गेलाय.

लसूण आणि मध जेवणात हवे तेवढे घ्या. औषध म्हणून नको. चीनच्या शानडोंग प्रांतातल्या लिंछू भागात 1995 पासून एक मोठा अभ्यास झाला. काहींना जंतूवर दोन आठवडे औषध दिलं, काहींना कित्येक वर्षं लसणाचा अर्क, काहींना जीवनसत्त्वं. 22 वर्षांनी पाहिलं तर केवळ दोन आठवड्यांच्या त्या औषधाने जठराच्या कर्करोगाचं प्रमाण जवळपास निम्मं झालं होतं. लसणाचेही दुसरे काही फायदे दिसले, पण जंतू घालवणं हा त्यातला फायदा नव्हता. 1994 पासून हा जंतू कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात धरला जातो. तो असलेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही, घाबरू नका. पण दोन आठवड्यांच्या त्रासाचं मोल काय आहे, ते मनात असू द्या.

मग जोडीला घेण्यासारखं काहीच नाही का? आहे, प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपकारक जंतूंचं औषध. एकट्याने ते हा जंतू घालवत नाही. कोर्सबरोबर घेतलं तर जुलाब, मळमळ, पोट फुगणं कमी होतं आणि कोर्स पुरा होण्याची शक्यता वाढते. तुमचा दुसरा कोर्स मळमळीमुळेच तुटला, म्हणून तुमच्यासाठी हे महत्त्वाचं. त्यांतलं सॅकरोमायसिस बोलार्डी हे जिवाणू नसून यीस्ट आहे, त्यामुळे ते अँटिबायोटिकने मरत नाही. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांनी मात्र ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. वैद्यांचं औषध घ्यायचंच असेल तर कोर्स संपून तपासणी झाल्यावर घ्या, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं सांगा. आणि नाव, घटक, बॅच नंबर छापलेला नसेल अशी पुडी कोणाचीही घेऊ नका. बिनालेबलच्या पुड्यांत स्टेरॉइड किंवा शिसं-पारा सापडल्याची उदाहरणं आहेत.

आता कोर्स पार कसा पाडायचा ते बघू, कारण माझ्या मते तुमचं खरं दुखणं इथे आहे. यात दिवसाला 12 ते 15 गोळ्या होतात. दुकानात अर्धवट कोर्सच्या उरलेल्या पट्ट्या परत घेऊन येणारे बघितलेत. सकाळ-रात्रीच्या गोळ्यांची जागा रिकामी असते आणि दुपारच्या जशाच्या तशा बसलेल्या. तुम्ही पहाटे परात घेऊन बसता, ऑर्डरी जाईपर्यंत जेवायची शुद्ध नसते, तुमचंही तसंच होणार. म्हणून आधी जेवणाच्या वेळा बांधून घ्या. पोटाची गोळी नाश्त्याच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या अर्धा तास आधी. ती चुकवू नका. आम्ल कमी झालं तरच अँटिबायोटिक जठरात नीट काम करतात. बाकीच्या गोळ्या सहसा खाल्ल्यानंतर आणि झोपताना असतात. टेट्रासायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडव्या होऊ नका, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जळते.

आणि दूध! जळजळ झाली की थंड दूध प्यायचं, गोळीही दुधाबरोबर घ्यायची, ही आपल्याकडची पक्की सवय. दूध, ताक, दही, कॅल्शियम आणि तुमची लोहाची गोळी, हे सगळं टेट्रासायक्लिनला बांधून ठेवतं आणि औषध अंगात जातच नाही. ताक-दूध गोळीपासून दोन-तीन तास लांब ठेवा. लोहाची गोळी तेवढे 14 दिवस बंद ठेवता येईल का, डॉक्टरांना विचारा. हा जंतू स्वतःच लोह कमी होण्याचं एक कारण असतो, तो गेल्यावर त्याच गोळ्यांचा गुण अधिक येऊ शकतो.

तोंडाला धातूसारखी चव येईल, ती मेट्रोनिडाझोलची. जीभ आणि शौच काळं होईल, ते बिस्मथचं. दोन्ही कोर्सनंतर जातं. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू अजिबात नको. हे तुमच्यासाठी नाही, हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हा उपचार फसण्याचं प्रमाण जास्त असतं, तेही त्यांनी ऐकून ठेवावं. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना टेट्रासायक्लिन देत नाहीत. मळमळ फार झाली तर कोर्स सोडण्याआधी दवाखान्यात फोन करा. उलटीवरची साधी गोळी किंवा वेळेतला बदल एवढ्यानेही बरेचदा निभावतं. मागच्या वेळी हे तुम्हाला कोणी सांगितलं नसावं. तो दोष तुमचा नाही.

कोर्स संपल्यावर किमान 4 आठवड्यांनी पुन्हा मलाची किंवा श्वासाची तपासणी. रक्ताची नको. त्यातही जंतू राहिलाच, तर एंडोस्कोपीतून तुकडा घेऊन कोणतं औषध त्याला लागू पडतं ते तपासता येतं. ही सोय मोठ्या शहरांतल्या निवडक ठिकाणी असते, त्यासाठी पुण्याला किंवा हैदराबादला जावं लागलं तरी चौथा कोर्स अंदाजाने घेण्यापेक्षा ते बरं.

मुलांचं विचारलंत. ही लागण बहुतेक वेळा लहानपणीच, घरातल्या घरात होते, आणि भारतात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात हा जंतू असतो. बहुतेकांना काहीही त्रास नसतो. त्रास नसलेल्या लहान मुलांची तपासणी करत बसू नका. घरातल्या मोठ्यांपैकी कोणाला अल्सरचा त्रास असेल किंवा नात्यात जठराचा कर्करोग होऊन गेला असेल, तर त्यांनी जरूर करावी. एकाच ताटात जेवणं, बाळाला घास चावून भरवणं टाळा. नळाला रोज पाणी येत नसेल तर ते साठवावं लागतं. साठवलेलं पिण्याचं पाणी उकळा, झाका, आणि काढायला दांड्याचं ओगराळं ठेवा. हा जंतू नाही तरी दुसरे चार जंतू त्याने टळतील.

राहिली संक्रांत. भोगीच्या बाजरीच्या भाकऱ्या, मग सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, वर्षाची कमाई या दिवसांत होते हे मला कळतं. काही आठवडे थांबल्याने या जंतूचं काही बिघडत नाही आणि तुमचंही सहसा नाही, पण अट आहे. कोर्स सुरू नसताना डांबरासारखं काळं, चिकट शौच झालं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, घास अडकायला लागला, कारण नसताना वजन उतरलं, किंवा गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढेना, तर ऑर्डरी टाकून त्याच दिवशी दवाखाना गाठा. लोहाच्या गोळीनेही शौच काळसर होतं, पण ते चिकट, घाण वासाचं नसतं आणि सोबत चक्कर येत नाही. शंका आली तर दाखवाच. ऐपतीची अडचण असेल तर सिव्हिलच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवा.

यातलं काही नसेल, तर या आठवड्यात पेनकिलर थांबवा आणि डॉक्टरांकडून पोटाची गोळी बंद करायची तारीख ठरवून घ्या. मलाचा नमुना गड्ड्याच्या गर्दीआधीच देऊन टाका. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर कोर्सची गरजच नाही, जळजळीचं दुसरं कारण शोधावं लागेल. पॉझिटिव्ह आला तर यात्रा उरकल्यावर, हाताखालच्या दोघींना पंधरा दिवसांचं काम वाटून देऊन, कोर्स सुरू करा. किटसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून प्रोबायोटिक आणि शेवटची तपासणी यांचा खर्च बहुधा भागेल.